तेज आणि गोरेपणा : सीमाभागातील त्वचोपचारांचा एक परिचय

प्रस्तावना

बिदर आणि कलबुर्गी हे कर्नाटकाचे सीमावर्ती जिल्हे. औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या तालुक्यांत मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषा एकाच बाजारात ऐकू येतात. चेहऱ्याच्या निगराणीबाबतही येथे तिन्ही भाषांची स्वतंत्र शब्दसंपत्ती आहे. लग्नघरात मराठी कुटुंबात हळद आणि उटणे लागते, कन्नड कुटुंबात अरिशिण लागते आणि दखनी मुस्लिम कुटुंबात चिकसा लावला जातो. गालावर उमटणाऱ्या तपकिरी डागांना मराठी स्त्री वांग म्हणते, कन्नड स्त्री बंगु म्हणते, उर्दू बोलणारी झाइयाँ म्हणते, तर यूनानी ग्रंथांत त्यांना कलफ असे नाव आहे. वांग आणि बंगु हे दोन्ही शब्द आयुर्वेदातील 'व्यंग' या शब्दाच्या जवळचे आहेत.

शब्द निरनिराळे असले तरी गरज एकच आहे. चेहरा तजेलदार असावा, डाग कमी व्हावेत आणि वयाच्या खुणा उशिरा दिसाव्यात. या गरजेपोटी आज घरगुती उटण्याची जागा मेडिकल दुकानातील ट्यूबने, ब्यूटी पार्लरमधील बिननावाच्या डबीने आणि मोबाईलवरून मागविलेल्या सिरमने घेतली आहे. यांपैकी काही उपचार उत्तम आहेत, काही निरुपयोगी आहेत आणि काही मूत्रपिंडापर्यंत इजा करणारे आहेत. महाविद्यालयीन विद्यार्थिनी, आणि अलीकडे विद्यार्थीही, या बाजाराचे मोठे ग्राहक आहेत. त्यांना चांगले आणि घातक यांतील फरक कळावा, यासाठी अध्यापकाला या विषयाची मूलभूत माहिती असणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात तेज म्हणजे काय, त्वचोपचार कसा विकसित होतो आणि झटपट गोरेपणा धोक्याचा का असतो, याचा विचार केला आहे.

परंपरेतील त्वचोपचार

सौंदर्योपचार ही आधुनिक काळाची देणगी नव्हे. इब्न सीना याच्या 'अल्-कानून' या ग्रंथाच्या चौथ्या खंडात 'जीनत' म्हणजे शरीराची शोभा या विषयावर स्वतंत्र विभाग आहे. केस, त्वचा, नखे आणि शरीराची स्थूलता यांचा विचार तेथे वैद्यकाचा भाग म्हणून केलेला आहे. अंदलुसी शल्यवैद्य अल्-जहरावी याच्या 'अत्-तसरीफ' या ३० भागांच्या ग्रंथातील १९ वा भाग सुगंध व सौंदर्यप्रसाधनांना वाहिलेला आहे. दख्खनमध्ये विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या दरबारात 'इत्र-ए-नौरसशाही' हा सुगंधविद्येवरील फारसी ग्रंथ रचला गेला. चेहऱ्याची निगा हा वैद्याच्या अभ्यासाचा विषय आहे, ही दृष्टी या परंपरेत स्पष्ट दिसते.

घरगुती उटण्याची रचना पाहिली तर तीतही तर्क आढळतो. बेसन किंवा डाळीचे पीठ त्वचेवरील तेल व मृत पेशी उचलते. हळदीतील कुर्कुमिन हा घटक दाह कमी करतो. दूध किंवा साय स्निग्धता देते. मात्र परंपरेतील प्रत्येक गोष्ट निर्दोष असते असे नाही. लिंबाचा रस आम्लधर्मी असल्याने त्वचेची जळजळ करतो. तो लावून उन्हात गेल्यास काळे चट्टे उठू शकतात. मुलतानी माती कोरड्या त्वचेला अधिक कोरडे करते. म्हणून परंपरा आणि आधुनिकता या दोहोंनाही एकच कसोटी लावणे योग्य होय.

तेज म्हणजे काय?

त्वचेचे तेज ही कल्पना काव्यातली वाटली तरी तिला भौतिकशास्त्राचा आधार आहे. त्वचेवर पडलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग, सुमारे ५ टक्के, पृष्ठभागावरूनच परत फिरतो. उरलेला आत शिरतो, तेथे मेलॅनिन आणि रक्तातील हिमोग्लोबिन त्यातील काही शोषून घेतात आणि बाकीचा विखुरून बाहेर येतो. पृष्ठभाग गुळगुळीत व ओलसर असेल तर प्रकाश एकसारखा परावर्तित होतो आणि चेहरा तुकतुकीत दिसतो. पृष्ठभाग कोरडा व खरखरीत असेल तर प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि चेहरा निस्तेज दिसतो. रंग जागोजाग कमीजास्त असेल तरीही तीच निस्तेज छाया जाणवते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. तेज हे ओलावा, गुळगुळीतपणा, रंगाचा एकसारखेपणा आणि रक्ताभिसरण यांवर अवलंबून असते. त्वचा गोरी आहे की सावळी, यावर नव्हे. सावळा चेहरा तेजस्वी असू शकतो आणि गोरा चेहरा निस्तेज असू शकतो.

वयाच्या खुणांची कारणे दोन प्रकारची असतात. पहिले कारण काळाचे. तरुणपणी बाह्यत्वचेच्या पेशी सुमारे चार आठवड्यांत नव्या होतात. वय वाढते तसा हा काळ लांबतो. अंतस्त्वचेतील कोलॅजन हे प्रथिन प्रौढ वयात हळूहळू घटत जाते. दुसरे कारण उन्हाचे. सूर्याच्या अतिनील किरणांपैकी यूव्ही-बी किरणे मुख्यतः वरच्या थरात काम करतात व त्वचा भाजतात. यूव्ही-ए किरणे काचेतूनही येतात आणि अंतस्त्वचेपर्यंत पोहोचतात. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की, अतिनील किरणांमुळे त्वचेत कोलॅजन तोडणारी विकरे तयार होतात. सुरकुत्या आणि सैलपणा यांचा मोठा वाटा अशा प्रकारे उन्हाच्या खात्यावर जातो. तंबाखूचे धूम्रपानही हीच हानी वाढवते.

बिदर आणि कलबुर्गी हे जिल्हे साधारण १७ ते १८ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. सूर्य येथे वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास आणि जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या आरंभी, माथ्यावर येतो. तुरीच्या आणि सोयाबीनच्या शेतात दिवसभर राबणारी स्त्री, दुचाकीवरून महाविद्यालयात येणारी विद्यार्थिनी आणि बसथांब्यावर उभा असलेला अध्यापक या सर्वांना हे ऊन लागते. भारतीय त्वचेत मेलॅनिन अधिक असल्याने सुरकुत्या तुलनेने उशिरा पडतात. परंतु वांग, काळे डाग आणि असमान रंग लवकर दिसू लागतात. सावळ्या त्वचेत नुसता दृश्य प्रकाशही वांग वाढवू शकतो, हे २०१० पासूनच्या संशोधनातून पुढे आले आहे. गर्भारपण आणि संप्रेरकांतील बदल यांमुळेही वांग येतो.

उपचार कसा विकसित होतो : हळदीचे उदाहरण

एखादा पदार्थ गुणकारी आहे असे मानणे आणि त्यापासून खात्रीचा उपचार तयार करणे, यांत मोठे अंतर असते. हळदीचा प्रवास हे याचे जवळचे उदाहरण आहे.

केशव पेंढरकर यांनी १९५२ मध्ये मुंबईत विको कंपनी सुरू केली. या कंपनीने १९७५ मध्ये हळद आणि चंदनाचे तेल असलेली विको टर्मरिक क्रीम बाजारात आणली. हळद चेहरा पिवळा करते ही सर्वांची अडचण होती. पिवळेपणा न आणणारी क्रीम तयार करणे हेच या उत्पादनाचे वैशिष्ट्य ठरले. ही क्रीम सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावर उत्पादनशुल्क विभागाशी कंपनीचा दीर्घ वाद चालला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला.

१९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरून येण्याच्या गुणावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. हा गुण भारतात पूर्वापार ठाऊक असल्याचे लेखी पुरावे सादर झाले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. घरातल्या हळदीच्या डब्याला जागतिक कायद्यात प्रथमच एवढे महत्त्व आले.

कर्नाटकातील उदाहरण डॉ. मुहम्मद मजीद यांचे आहे. मूळचे केरळचे हे औषधशास्त्रज्ञ शिक्षणासाठी अमेरिकेत गेले, १९८८ मध्ये तेथे त्यांनी सबिन्सा ही कंपनी काढली आणि १९९१ मध्ये बंगळूर येथे सामी लॅब्जची स्थापना केली. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. कुर्कुमिन पिवळे असते, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि प्रकाशात टिकत नाही. त्यात हायड्रोजन मिळवून टेट्राहायड्रोकुर्कुमिन हे रंगहीन व अधिक स्थिर रूप तयार करता येते. त्यांच्या कंपनीने हे रूप सौंदर्यप्रसाधनांसाठी विकसित केले.

या उदाहरणांवरून उपचार विकसित करण्याचे टप्पे सांगता येतात. प्रथम घटक कोणत्या मार्गाने काम करतो ते शोधले जाते. नंतर त्याची चाचणी प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींवर होते; भारतात २०१४ पासून सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास बंदी आहे. त्यानंतर घटक त्वचेत उतरेल आणि महिनोन्महिने टिकेल असे मिश्रण बनवावे लागते. जीवनसत्त्व 'क' चे सिरम हवा व प्रकाश लागताच तपकिरी पडून निकामी होते, यावरून हा टप्पा किती अवघड आहे ते कळते. पुढे त्वचेच्या छोट्या भागावर लावून ॲलर्जी तपासतात. शेवटी माणसांवर तुलनात्मक चाचणी घेतात. चेहऱ्याच्या एका बाजूस घटक असलेली आणि दुसऱ्या बाजूस घटक नसलेली क्रीम लावली जाते. कोणती क्रीम कोठे आहे हे रुग्णालाही ठाऊक नसते आणि तपासणाऱ्यालाही नसते. छायाचित्रे एकाच प्रकाशात घेतली जातात. जाहिरातीतील 'आधी' आणि 'नंतर'च्या चित्रांत नेमकी हीच काळजी घेतलेली नसते.

कसोटीस उतरलेले उपचार

या कसोटीतून पार पडलेले उपचार संख्येने थोडेच आहेत.

पहिला उपचार सनस्क्रीन. ऑस्ट्रेलियात ५५ वर्षांखालील ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षे अभ्यास झाला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज नियमाने सनस्क्रीन लावणाऱ्या गटात त्वचेच्या वार्धक्याच्या खुणा दुसऱ्या गटापेक्षा २४ टक्क्यांनी कमी आढळल्या. एसपीएफ हा आकडा मुख्यतः यूव्ही-बीपासूनचे संरक्षण दाखवतो. यूव्ही-एसाठी पाकिटावरील 'पीए' हे चिन्ह पाहावे. चेहरा व मान यांसाठी दोन बोटांवर मावेल इतके सनस्क्रीन लागते आणि उन्हात असताना ते दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. वजू केल्यावर ते बरेचसे निघून जाते; म्हणून दुपारी बाहेर जायचे असल्यास जुहरच्या नमाजनंतर पुन्हा लावणे इष्ट. डोक्यावरचा पदर, ओढणी, स्कार्फ, छत्री हीदेखील उन्हापासूनची खरी व स्वस्त साधने आहेत. त्यांच्या जोडीला सनस्क्रीन लागते ते उघड्या राहणाऱ्या भागापुरतेच.

दुसरा उपचार जीवनसत्त्व 'अ' पासून बनलेले ट्रेटिनॉइन. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी मुरुमांवर वापरलेले हे औषध उन्हाने जीर्ण झालेल्या त्वचेवरही उपयोगी पडते, असे १९८६ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. १९८८ मध्ये १६ आठवड्यांच्या तुलनात्मक चाचणीने त्यास पुष्टी दिली. ते नवे कोलॅजन तयार होण्यास चालना देते. सुरुवातीला त्वचा सोलते व लालसर होते आणि परिणाम दिसायला काही महिने लागतात. गर्भारपणात ते टाळावे लागते आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यावयाचे औषध आहे.

तिसऱ्या गटात नायसिनामाइड, जीवनसत्त्व 'क' आणि साधी ओलावा टिकविणारी क्रीम येते. नायसिनामाइड मेलॅनिन तयार होणे थांबवत नाही. तयार झालेले मेलॅनिन वरच्या पेशींत जाण्याचे प्रमाण कमी करते. ओलावा देणारी क्रीम मात्र त्याच दिवशी चेहऱ्यावर तकाकी आणते, कारण पृष्ठभाग गुळगुळीत होतो. दूधमलई लावणाऱ्या आजीला हेच अनुभवाने ठाऊक होते.

या सर्वांत एक गुण समान आहे. डाग व सुरकुत्यांवरील सुधारणा सावकाश होते. त्वचेला नवी होण्यासच चार आठवडे लागतात, तेव्हा आठ दिवसांत वांग नाहीसा करण्याचे वचन शरीरशास्त्रात बसत नाही.

झटपट तेजाची किंमत

तरीही आठ दिवसांत चेहरा उजळणाऱ्या क्रीम बाजारात मिळतात आणि त्या खरोखर उजळवतात. तो परिणाम कसा होतो हे समजून घेणे हेच अध्यापकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे.

पहिले कारण स्टेरॉइड. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांसारखी स्टेरॉइड त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित करतात. त्यामुळे त्वचा फिकट दिसते. हा परिणाम इतका ठरावीक आहे की, १९६२ पासून स्टेरॉइडची ताकद मोजण्यासाठी त्वचा किती पांढरी पडते याचीच चाचणी वापरली जाते. म्हणजे ज्याला ग्राहक निखार समजतो, तो रक्तपुरवठा कमी झाल्याचा परिणाम असतो. वापर चालू राहिला तर त्वचा पातळ होते, लाल रेषा उमटतात, मुरुम व नको असलेले केस येतात. क्रीम बंद करताच चेहरा लाल होऊन भगभगतो, म्हणून माणूस ती पुन्हा लावतो. हे व्यसनासारखे चक्र होय. इसब आणि सोरायसिस यांवर हेच औषध तज्ज्ञांच्या देखरेखीखाली गुणकारी असते, हेही विसरता कामा नये.

भारतातील अनेक केंद्रांत झालेला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत बोलका आहे. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. त्यांतील २५७ जणांना ते डॉक्टर नसलेल्या व्यक्तीने सुचविले होते. वांगासाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचे मिश्रण क्लिगमन यांनी १९७५ मध्ये सुचविले होते. त्यातील सौम्य स्टेरॉइडचे रूप सुमारे आठ आठवड्यांपुरते वापरावयाचे असते. आपल्याकडे त्यात अधिक तीव्र स्टेरॉइड घालून केलेली मिश्रणे वर्षानुवर्षे लावली गेली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असे अधिसूचित केले.

दुसरे कारण पारा. पाऱ्याचे क्षार मेलॅनिन बनविणाऱ्या विकराला अडवतात. चेहरा उजळतो, परंतु पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. २०२३ च्या आरंभी अकोल्यातील एका कुटुंबाचे प्रकरण वृत्तपत्रांत आले. पार्लरमधून घेतलेली क्रीम वापरणाऱ्या आई आणि दोन मुलींना मूत्रपिंडाचा विकार झाला आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीमची तपासणी झाली असता तीत पारा आढळला. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातील मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यांपैकी १५ जणांत या विकाराचा एक दुर्मिळ प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम वापरल्याचे सांगितले. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांची प्रकृती सुधारू लागली. म्हणून हे निदान वेळेत होणे फार महत्त्वाचे ठरते. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अशा क्रीममध्ये पारा मिसळता येत नाही. नकळत राहिलेला अंश दहा लाखांत एका भागापलीकडे चालत नाही. कायदा आहे, पण नाव, परवाना क्रमांक आणि निर्मात्याचा पत्ता नसलेल्या डबीपर्यंत तो पोहोचत नाही.

भाषेचा प्रश्न

मराठीत कांती, तेज, तजेला, तुकतुकी, तकाकी असे शब्द आहेत. उर्दूत नूर, आब, रौनक, निखार, ताजगी असे शब्द आहेत. यांतील एकाही शब्दाचा मूळ अर्थ गोरेपणा नाही. मराठी भक्तिपरंपरेचे आराध्य दैवतच सावळे आहे. दख्खनच्या सूफी परंपरेत 'नूर' हा अंतःकरणाचा प्रकाश आहे. जाहिरातीने मात्र हे सर्व शब्द एका रंगाच्या सेवेला जुंपले. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली' या क्रीमचे नाव २०२० मध्ये 'ग्लो अँड लव्हली' असे बदलण्यात आले. 'फेअर' गेले आणि 'ग्लो' आले. नाव बदलले हे स्वागतार्हच; परंतु ग्राहकाच्या मनात तेजाचा अर्थ गोरेपणा असाच राहिला, तर नव्या शब्दाने जुनीच वस्तू विकली जाईल. स्थळ पाहताना विचारला जाणारा रंग हाच या बाजाराचा खरा आधार आहे.

अध्यापकांची भूमिका

या बाबतीत महाविद्यालयात पुढील गोष्टी करता येतील.

१) रसायनशास्त्राच्या वर्गात विद्यार्थ्यांनी घरातील क्रीमचे वेष्टन आणून त्यावरील घटक वाचावेत. स्टेरॉइडची नावे बहुधा 'सोन', 'सोल' किंवा 'सोलोन' अशी संपतात. मर्क्युरी, कॅलोमेल हे शब्द पाऱ्याचे निदर्शक आहेत. 'आरएक्स' हे चिन्ह किंवा लाल पट्टी असल्यास ते औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नव्हे.

२) मराठी, कन्नड व उर्दूच्या वर्गात एकाच क्रीमच्या तिन्ही भाषांतील जाहिराती समोर ठेवून कोणता शब्द काय सुचवतो याची चर्चा घ्यावी.

३) राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात त्वचारोगतज्ज्ञांचे व्याख्यान ठेवावे. बिदर आणि कलबुर्गी येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांची यासाठी मदत घेता येईल.

४) एखादी विद्यार्थिनी अशी क्रीम बरेच दिवस वापरत असल्याचे कळल्यास अध्यापकाने स्वतः उपाय सुचवू नये. स्टेरॉइड एकाएकी बंद केल्याने त्रास वाढू शकतो, म्हणून तिला डॉक्टरांकडे पाठवावे. चेहरा किंवा पाय सुजणे, लघवीस फेस येणे ही लक्षणे असतील तर क्रीमच्या डबीसह तातडीने दवाखान्यात जाण्यास सांगावे.

५) स्नेहसंमेलनात, नाटकाच्या पात्रयोजनेत किंवा सहज बोलण्यात वर्णावरून शेरा मारला जाणार नाही, याची दक्षता अध्यापकांनी प्रथम स्वतः घ्यावी.

समारोप

त्वचेचे तेज वाढविणारे आणि वयाच्या खुणा कमी करणारे उपचार आज उपलब्ध आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. उन्हापासून संरक्षण, ओलावा आणि गरज असल्यास तज्ज्ञांनी दिलेले औषध, हा त्यांचा गाभा आहे. यांतील पहिल्या दोन गोष्टी सामान्य कुटुंबाच्याही आवाक्यात आहेत. ज्या उपचाराचा परिणाम फार लवकर दिसतो त्याविषयी आधी शंका घ्यावी, ही साधी सवय विद्यार्थ्यांना लागली तर पुष्कळ हानी टळेल. गालावरचा वांग हे वैद्यकीय कारण असू शकते आणि त्यासाठी डॉक्टरांकडे जाणे योग्यच आहे. सावळा रंग मात्र आजार नाही. ही गोष्ट घरात क्वचितच सांगितली जाते. ती वर्गात सांगितली गेली पाहिजे.